अपरिचित पेयाचा निवाडा

आमटीत गूळ किती असावा, भात किती मऊ शिजावा, चहात आले ठेचून घालावे की वेलदोडा, याविषयीची आपली मते आपल्याला कळू लागण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलेली असतात, आणि पुढे जन्मभर आपण जिला आपली आवड म्हणतो ती पुष्कळ अंशी त्या घराची वहिवाटच असते. ज्या घरांत मद्याचे नावसुद्धा आवाज उतरवून घेतले जाई, अशा घरांतून वाढलेल्या माणसाला त्या एका बाबतीत मात्र ही वहिवाट लाभत नाही. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात ताडीची, विदर्भाच्या रानात मोहाच्या दारूची, गोमंतकात काजूच्या आणि माडाच्या फेणीची पारख बापाकडून मुलाकडे येत असते. मला यांपैकी कशाचीच दीक्षा मिळालेली नव्हती, आणि म्हणून प्रौढ वयात जेव्हा एखादे अपरिचित मद्य माझ्यासमोर आले, तेव्हा त्याचा निवाडा करण्यासाठी माझ्यापाशी पूर्वजांचा शब्द नव्हता आणि स्वतःचा अनुभवही तुटपुंजाच होता.

मडगावच्या एका स्नेह्यांनी एका संध्याकाळी जी बाटली माझ्यापुढे ठेवली ती अशीच अपरिचित होती. ती व्हिस्की होती. परंतु जिची नावे आपण चित्रपटांतून, विमानतळावरील दुकानांतून आणि परदेशाहून परतणाऱ्या नातलगांच्या सामानातून ओळखतो ती स्कॉटलंडची नव्हे. दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी या गावी, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांतून गाळलेली आणि तेथेच ओकच्या पिंपांत मुरवलेली ती 'पॉल जॉन' या नावाची सिंगल माल्ट होती. कुंकळ्ळी म्हटले की गोव्याच्या इतिहासाशी थोडाफार परिचय असलेल्या मनात प्रथम येते ते १५८३ साल, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गावकऱ्यांनी केलेला उठाव, आणि वाटाघाटींच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलेले त्या गावाचे प्रमुख. आणि शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, जी त्या धामधुमीत फातर्प्याला गेली ती आजही तेथेच आहे. ज्या नावाशी इतके जुने रक्त आणि इतकी जुनी भक्ती निगडित आहे, ते नाव एका गुळगुळीत बाटलीवर, मद्याच्या उगमस्थानाचे म्हणून वाचताना मी थबकलो. "चाखून तर पाहा, मग बोला," असे स्नेही म्हणाले. मी लगेच होकार दिला नाही. आणि त्या वेळी मनात जे जे येऊन गेले ते सारे एका पेल्याच्या मानाने फार मोठे असले, तरी अस्थानी होते असे मला अजूनही वाटत नाही.

पहिला प्रश्न अर्थातच मुळाचा होता. मद्याचा आस्वाद हा विषय घेऊन मराठीत लिहिणाऱ्या माणसाने, या प्रदेशात मद्याने काय केले आहे हे विसरून चालणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये तत्कालीन मुंबई राज्यात ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. ती पुढे सैल होत गेली, परंतु तो कायदा आजही अस्तित्वात आहे आणि त्याच्या अन्वये महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास आजही परवाना लागतो. हा परवाना कागदोपत्री प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणासाठी दिलेला असतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हा कायदा किती पाळला जातो हा प्रश्न वेगळा. पण त्याच्यामागची वेदना खोटी नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती वरून आलेल्या हुकमाने झाली नाही, गावोगावच्या आंदोलनाने झाली. आजही ठरावीक प्रमाणात स्त्री-मतदारांनी मागणी केली की दुकानाच्या भवितव्यावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी असते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप लागते. भर दुपारी रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायांनी आडव्या बाटलीवर मारलेला शिक्का मला कोणत्याही आस्वादकाच्या अभिप्रायापेक्षा अधिक वजनदार वाटतो, आणि ज्यांच्या घरात या पेयाने अन्न, पैसा आणि शांती यांचा नाश केला त्यांच्यासमोर पिंपांच्या आणि सुवासांच्या गोष्टी मी करणार नाही.

तथापि या इतिहासाचा आपल्या मनोरचनेवर एक असा परिणाम झाला आहे की ज्याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही. मद्याविषयीचा आपला सारा विचार विधिनिषेधाच्या दोनच कोठड्यांत कोंडला गेला: एका कोठडीत वर्ज्य मानणारे, दुसरीत शुद्ध हरपेपर्यंत पिणारे. जो माणूस दोन घोटांत थांबतो, पेयाचा वर्ण पाहतो, वास घेतो, कोठे आणि कशाचे केले आहे हे विचारतो, त्याच्यासाठी आपल्या समाजात जागाच उरली नाही. तांदळाच्या बाबतीत आंबेमोहर, कोळंब, जिरेसाळ यांतला फरक डोळे मिटून सांगणारी माणसे याच मातीत आहेत, आणि त्याच माणसांच्या मुलांना व्हिस्की म्हणजे काय हे विचारले तर ते किंमत सांगतात. आस्वादाची ही सवय जडली असती तर व्यसने घटली असती असा दावा मी करीत नाही, कारण तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु जो समाज एखाद्या वस्तूविषयी चौकसपणे विचारतच नाही, त्याच्या गळी ती वस्तू कोणत्याही रूपात उतरवता येते, हे मात्र आपल्याकडील व्हिस्कीच्या इतिहासाने सिद्ध केले आहे.

कारण भारतात व्हिस्की म्हणून जे विकले जाते त्यातील फार मोठा भाग, इतर देशांच्या व्याख्येप्रमाणे, व्हिस्की नाहीच. युरोपातील कायद्याने व्हिस्की ही धान्यापासूनच गाळलेली आणि किमान ३ वर्षे लाकडी पिंपात मुरवलेली असावी लागते. आपल्याकडील स्वस्त व्हिस्कीचा पाया मात्र बहुधा उसाच्या मळीपासून काढलेल्या, जवळजवळ निर्गंध अशा स्पिरिटचा असतो, आणि त्यात थोडे माल्ट, थोडा स्वाद व थोडा रंग मिसळलेला असतो. युरोपात असे पेय व्हिस्की या नावाने विकता येत नाही. या ठिकाणी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही, अगदी निकटचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, आणि त्याच्या मागोमाग नगर, कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात उभे राहिलेले कारखाने, यांच्या आवारात साखरेच्या गोदामाजवळच मळीच्या टाक्या आणि आसवनीची धुराडी दिसतात. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा, मळी वाया जाऊ नये, हा त्यामागील हिशेब चुकीचा नव्हता; पण त्या धुराड्यांतून निघालेला अर्क पुढे कोठे जातो, कोणत्या तांबूस बाटलीत कोणत्या इंग्रजी नावाने बसतो, याची विचारपूस पिणाऱ्याने कधी केली नाही, आणि विकणाऱ्याने आपण होऊन कधी सांगितली नाही.

म्हणून कुंकळ्ळीच्या बाटलीविषयी माझा दुसरा प्रश्न होता तो असा, की हिच्या आत जे आहे ते खरोखर काय आहे. सिंगल माल्टची कृती सांगायला सोपी आणि करायला कष्टाची आहे. जव भिजवून त्याला मोड आणायचे, जेणेकरून दाण्यातील पिष्टाची साखर होण्याची वाट मोकळी होते. योग्य वेळी ते मोड भट्टीच्या उष्णतेने थांबवायचे. मग दाणे भरडून गरम पाण्यात त्यांचा गोड काढा करायचा, त्यात यीस्ट घालून आंबवायचे, आणि तो आंबलेला रस तांब्याच्या भांड्यांतून दोनदा गाळायचा. दुसऱ्या गाळणीत प्रथम येणारा उग्र भाग बाजूला काढायचा, अखेरचा जड तेलकट भागही बाजूला काढायचा, आणि मधला तेवढाच पिंपात भरायचा. नेमके कोणत्या क्षणी धार वळवायची यात गाळणाऱ्याची सारी विद्या असते. तांबे हे केवळ परंपरेने आलेले नाही. गंधकाचे दुर्गंधी अंश ते स्वतःकडे ओढून घेते, आणि पोलादी भांड्यातून काढलेल्या अर्कात ती स्वच्छता येत नाही. हे सारे ऐकत असताना माझ्या लक्षात आले की गोमंतकातील भाटीवर, म्हणजे फेणीच्या भट्टीवर, याहून निराळे काही घडत नाही. पायाने तुडवलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबतो, भाणातून, म्हणजे गाळण्याच्या भांड्यातून, एकदा गाळला की उर्राक होतो, पुन्हा गाळला की फेणी होते. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशाची नोंद मिळालेली ती फेणी आणि ही नवी व्हिस्की यांच्यात कच्चा माल आणि पिंप एवढाच काय तो भेद. ज्या भूमीला तांबे, विस्तव आणि थेंबाथेंबाने येणारी धार यांची ओळख शतकानुशतके आहे, तिच्यात हे पेय निर्माण व्हावे यात मला काही उपरेपणा दिसेना.

उपरेपणाचा प्रश्न मात्र दुसऱ्या वाटेने परत आला. माझ्यासमोरची बाटली 'एडिटेड' या प्रकारची होती, म्हणजे जिच्यात पीटच्या धुरावर सुकवलेल्या माल्टचा थोडा अंश असतो. तो पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून दबलेल्या वनस्पतींची माती, स्कॉटलंडहून येतो. जव उत्तरेकडून, हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशातून येतो. पिंपे अमेरिकेतील पांढऱ्या ओकची, आणि तीही तेथील बर्बन एकदा मुरवून झालेली. मग कुंकळ्ळीचे तिच्यात काय? पाणी, माणसांचे श्रम, आणि हवा. यांपैकी हवा हे उत्तर ऐकायला काव्यमय वाटते, परंतु ते अक्षरशः खरे आहे. लाकडी पिंप श्वास घेते. उन्हाळ्यात आतील द्रव फुगून लाकडात शिरतो, गारव्यात परत येतो, आणि येताना लाकडाचा रंग, गोडवा व तुरटपणा घेऊन येतो, आणि या येरझारेत त्याचा काही अंश हवेत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत हे नुकसान दरसाल सुमारे २ टक्के असते आणि तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडील उष्णतेत तोच वाटा कितीतरी मोठा होतो. बंगलोरच्या 'अमृत' आसवनीत तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणूनच त्यांनी आपल्या एका दुर्मिळ व्हिस्कीला 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले.

या एका वस्तुस्थितीने वयाविषयीचा सारा हिशेब उलटा होतो. आपण स्कॉटलंडच्या बाटलीवर १२ किंवा १८ हा आकडा पाहून तिला मान देतो, आणि ज्या बाटलीवर असा आकडाच नाही तिच्याविषयी साशंक होतो. मीही त्या संध्याकाळी प्रथम तोच आकडा शोधला. परंतु कुंकळ्ळीच्या दमट उष्म्यात १८ वर्षे ठेवलेल्या पिंपात बहुधा लाकडाचा कडवटपणा आणि रिकामी जागा एवढेच शिल्लक राहील. एखाद्या गावच्या बांधावरच्या रायवळ आंब्याला हापूसची पेटी, हापूसचा शिक्का आणि हापूसचा हंगाम लावून त्याची परीक्षा होत नाही. तो आंबा हातात घेऊन, देठ काढून, चोखूनच पाहावा लागतो. उष्ण प्रदेशातील व्हिस्कीचे तसेच आहे, आणि तिच्यासाठी शीत प्रदेशाचे मोजमाप वापरणे हा तिच्यावर अन्याय आहे.

हा अन्याय मोडून काढणाऱ्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९४८ साली बंगलोरला राधाकृष्ण राव जगदाळे यांनी स्थापन केलेल्या 'अमृत'ने, त्यांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांच्या कारकिर्दीत, २००४ साली आपली सिंगल माल्ट बाजारात आणली ती भारतात नव्हे, ग्लासगो येथे, व्हिस्कीच्या ऐन माहेरघरी. जगदाळे हे आडनाव ऐकून मराठी वाचकाला जी आपुलकी वाटेल ती मी लपवीत नाही. घरच्या लोकांनी ज्याला किंमत दिली नसती ते परक्यांच्या पंक्तीला नेऊन मांडायचे, आणि तेही ज्यांचा या विषयातील अधिकार जगाने मान्य केला आहे त्यांच्याच पंक्तीला, यासाठी लागणारे धैर्य साधे नव्हते; पहिली काही वर्षे विक्री फारच थोडी होती. पुढे जिम मरे या इंग्रज समीक्षकाने आपल्या 'व्हिस्की बायबल'च्या २०१० च्या आवृत्तीत 'अमृत फ्यूजन'ला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले, आणि मग मायदेशातील दुकानदारांनाही तिच्यासाठी फळीवर जागा सापडली. परक्याच्या दाखल्यावाचून आपल्या वस्तूवर विश्वास न ठेवण्याची ही आपली जुनी खोड मला दुःख देते. कुंकळ्ळीची बाटलीही आधी विलायतेत विकली गेली आणि मग मडगावात आली, हे माझ्या स्नेह्यांनी अभिमानाने सांगितले; मला त्यात अभिमानाइतकाच विषादही वाटला.

तिसरा प्रश्न सचोटीचा होता, आणि मला तोच सर्वांत कठीण वाटतो. हल्ली लहान प्रमाणावर, हातांनी, मन लावून केलेल्या मद्याला 'क्राफ्ट' हे विशेषण लावतात, आणि ते लावले की किंमत वाढते. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या देशव्यापी दारूबंदीने लहान आसवन्या वाहून गेल्या होत्या. या शतकाच्या आरंभापासून कोलोरॅडो, न्यूयॉर्क, टेक्सास अशा राज्यांत त्या पुन्हा उगवू लागल्या, आणि त्यांतील कित्येकांनी खरोखर उत्तम काम केले. परंतु व्हिस्की मुरायला वर्षे लागतात आणि भांडवल तितकी वर्षे थांबत नाही. म्हणून काहींनी इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील एका प्रचंड आसवनीतून तयार माल विकत घेतला, स्वतःच्या बाटलीत भरला, आणि त्यावर आजोबांच्या पाककृतीची कहाणी छापली. विकत घेऊन विकणे हा गुन्हा नव्हे, अनेक नामांकित पेढ्या तेच करतात. गुन्हा लपवण्यात आहे. तेथील नियमाप्रमाणे अर्क ज्या राज्यात गाळला त्याचे नाव, बाटली भरणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला असेल तर, चिठ्ठीवर लिहावेच लागते. ते न लिहिणाऱ्यांवर फिर्यादी झाल्या. यापूर्वीही, १८९७ मध्ये, रंग आणि वाटेल ते जिन्नस मिसळून व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तेथील सरकारने एक कायदा केला होता. एकाच आसवनीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या वखारीत किमान ४ वर्षे ठेवलेली, आणि ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल तरच तिच्यावर त्या हमीचे शिक्कामोर्तब व्हावे. मला त्या कायद्याची रचना फार आवडते. चव चांगली की वाईट याविषयी तो एक अक्षर बोलत नाही. वस्तू कोठली, कोणाची, केव्हाची, एवढीच जबानी तो मागतो.

तीच जबानी मी माझ्यासमोरच्या बाटलीकडून मागितली. गाळण्याचे ठिकाण लिहिलेले होते, जवाखेरीज दुसरे धान्य नाही हे लिहिलेले होते, मद्यार्क ४६ टक्के होता. हा आकडाही बोलका असतो, कारण इतक्या तीव्रतेच्या व्हिस्कीला केवळ नितळ दिसावे म्हणून थंड करून गाळण्याची, आणि त्या गाळण्यात तिचे स्निग्ध सुवासिक अंश गमावण्याची गरज उरत नाही. हिला लहान, घरगुती आसवनीची निर्मिती म्हणावे का? याविषयी मी साशंक आहे, कारण ही बाटली काढणारी कंपनीच 'ओरिजिनल चॉईस' या नावाची स्वस्त व्हिस्की प्रचंड प्रमाणावर विकते, आणि तिच्या पैशावर कुंकळ्ळीची तांब्याची भांडी उभी राहिली असणार हे उघड आहे. पण कारागिरी आकाराने मोजावी असे मला वाटत नाही. धार नेमकी केव्हा वळवावी हे ज्याला कळते तो कारागीर, मग त्याचा मालक लहान असो वा मोठा.

म्हणून मी होकार दिला. स्नेह्यांनी दोन चमचे भरतील एवढीच ओतली, बर्फ घातला नाही. आधी नुसता वास घेतला: भाजलेला जव, जुना मध, आणि त्यामागे, विझत आलेल्या शेकोटीजवळून गेल्यासारखा, अगदी अस्पष्ट धूर. पहिल्या घोटाने जीभ पोळली, आणि मद्यार्काच्या तिखटपणाखाली बाकी सारे दडपले गेले. मग स्नेह्यांनी पाण्याचे काही थेंब घालायला सांगितले, तेव्हा तो मध पुढे आला, भाजलेल्या कॉफीचा किंचित कडवटपणा आला, आणि लाकडाचा तुरटपणा घशात बराच वेळ रेंगाळला. धूर मला आवडला नाही. तो त्या पेयात असायला हवा होता म्हणून आहे असे वाटले नाही, विलायती चवीची सवय असलेल्या गिऱ्हाइकासाठी आणला आहे असे वाटले. आणि मी तसे स्पष्ट सांगितले. त्यांच्याकडे 'ब्रिलियन्स' हा पीटविरहित प्रकारही होता. त्याचा एक घोट घेतला, आणि त्यात मात्र ज्या हवेत आम्ही बसलो होतो तिची ऊब असल्यासारखे वाटले. तो मी विकत घेईन.

मात्र कुंकळ्ळीच्या आणि बंगलोरच्या आसवकांकडे, आणि उद्या महाराष्ट्रात कोणी ज्वारी-बाजरीची वा मोहाची अशीच निष्ठेने गाळलेली वस्तू बाजारात आणील तर त्यांच्याकडेही, माझी एक मागणी आहे. आपल्या उष्ण प्रदेशात वयाचा आकडा छापणे फसवे ठरते हे मी मान्य केले. मग आकडा न छापता, अर्क पिंपात कोणत्या महिन्यात भरला, कोणत्या महिन्यात काढला, पिंपात आधी काय होते आणि भरलेल्यापैकी किती उरले, या चार ओळी बाटलीच्या पाठीवर मराठीत किंवा कोकणीत छापाव्यात. आसवनीच्या दफ्तरात ही नोंद असतेच, अबकारी खात्याला ती द्यावीच लागते. ती गिऱ्हाइकालाही दिसावी, एवढेच मागणे आहे.